चष्मा गेला, ड्रॉप्स आले: लेसरनंतरच्या कोरड्या डोळ्यांची पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात लेसरने नंबर घालवून आलेल्यांच्या टेबलावर ल्युब्रिकंट ड्रॉप्सची बाटली दिसली, तर नवल वाटत नाही. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं खुपतं. खापर एसीवर फुटतं, नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या धुळीवर. त्यांचा वाटा आहेच. पण शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला, तर मूळ कारण वेगळं निघतं.

कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलून नंबर घालवायची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. बोगोटाचे नेत्रतज्ज्ञ होसे बराकेर यांनी ती १९४९ मध्येच मांडली होती. १९७० च्या दशकात मॉस्कोत नेत्रशल्यचिकित्सक फ्योदोरोव ब्लेडने कॉर्नियावर आरेवजा चिरा देत होते. १९८१ मध्ये मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या कूर्चेवर एक्झायमर हा अतिनील किरणांचा लेसर सोडला. आजूबाजूचा भाग जराही न भाजता स्वच्छ खाच पडली. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी तोच लेसर कॉर्नियावर वापरून दाखवला आणि १९९० च्या सुमारास ग्रीसचे नेत्रतज्ज्ञ पॅलिकारिस यांनी त्याला फ्लॅपची जोड दिली. वरचा पातळ थर झाकणासारखा उचलायचा, खाली लेसर मारायचा, थर परत बसवायचा. हीच लेसिक. दुखणं फारसं नाही, दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतं. ती जगभर पसरली यात आश्चर्य नाही.

खरी गोम या फ्लॅपमध्ये आहे. कॉर्नियात नसांचं दाट जाळं असतं. पृष्ठभाग सुकू लागला की त्या मेंदूला कळवतात, मग पापणी मिटते आणि अश्रू येतात. फ्लॅप कापताना बिजागरीची बाजू सोडून बहुतेक नसा तुटतात. निरोपच थांबला की पापण्या कमी मिटतात, अश्रू घटतात. नसा पुन्हा वाढतात, पण त्याला महिने लागतात. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. काहींचा मात्र रेंगाळतो.

पण यशाची मोजपट्टी होती तक्त्यावरची अक्षरं. त्यामुळे ‘सहा-सहा (म्हणजे अगदी नॉर्मल) दिसतंय, मग तक्रार कसली?’ हा सूर बरीच वर्षं टिकला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, रुग्णांच्या तक्रारींवर जाहीर सुनावणी घेतली ती २००८ मध्ये. पुढे एफडीएच्याच पुढाकाराने झालेल्या पाहणीत, आधी कोरडेपणाची लक्षणं नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी ती जाणवत होती. नजरेबद्दल समाधानी असलेले त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक होते, हेही सांगायला हवं. स्माइल या नंतरच्या पद्धतीत फ्लॅप नसतो, काही मिलिमीटरचीच चीर असते, म्हणून नसा कमी तुटतात. कोरडेपणा तिथेही येतो, पण सहसा कमी.

आणखी एक गुंता आहे. लेसरकडे वळणारे कित्येक जण कॉन्टॅक्ट लेन्स सोसेनाशा झाल्या म्हणूनच येतात, म्हणजे डोळे आधीच कोरडे. त्यात दिवसभर स्क्रीन, जिच्यासमोर पापण्या आपसूक कमी मिटतात. हे आधी तपासायला शिर्मर यांची १९०३ ची चाचणी अजून चालते: कागदाच्या पट्टीचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि ओल किती उतरली ते पाहायचं. पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर लेसरची तारीख पुढे ढकलून आधी कोरडेपणावर उपचार घ्यावेत.