थेंबाने केला घात

जुन्या बालविज्ञानमालिकांच्या चित्रफिती मोबाइलवर बघून आमच्या फोंड्यातली पोरं फिदीफिदी हसतात. ‘स्टिंगरे’ (१९६४) ही गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांची पाणबुडीवर बेतलेली कळसूत्री बाहुल्यांची मालिका तर त्यांच्या लेखी ‘बादलीतली पाणबुडी’. ‘कॅप्टन व्योम’वर वाढलेल्या माणसाला हे झोंबतंच.

स्लो मोशन केलं की छोटी वस्तू मोठी वाटते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण किती स्लो? २० मीटर उंच दीपस्तंभावरून दगड खाली यायला साधारण २ सेकंद लागतात. पंचविसाव्या हिश्श्याच्या, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या प्रतिकृतीवरून ०.४ सेकंद. उंची २५ पट कमी, वेळ मात्र ५ पटच कमी, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम घ्यायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. मोठ्या लाटाही हाच नियम पाळतात.

(चांद्रमोहीम स्टुडिओत स्लो मोशनमध्ये उरकली, असं व्हॉट्सॲपवर ठासून सांगणाऱ्यांसाठी: गुरुत्व एक षष्ठांश, म्हणून चित्रण सुमारे अडीचपट संथ केलं तर दगड पडणं जुळेल. पण अपोलो १६च्या गाडीच्या चाकांनी उडवलेली धूळ स्वच्छ कमानीत खाली येते. हवेत तिचा लोट तरंगत राहिला असता.)

घोडं पेंड खातं ते पाण्यापाशी. थेंबाचा आकार ठरवतो पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसून राहण्याची ओढ, आणि त्याला तुमच्या प्रतिकृतीशी काही देणंघेणं नाही. ४ मिलिमीटरचा थेंब पंचवीसपट मोठा वाटणार, म्हणजे १० सेंटिमीटर: खलाशाच्या डोक्यावर सोललेल्या नारळाएवढा! शिवाय पावणेदोन सेंटिमीटरपेक्षा आखूड तरंगांवर पृष्ठताणाचंच राज्य. ते जितके आखूड तितके वेगाने पळतात. म्हणजे वर्गमुळाचा नियम इथे उलटाच पडला. व्हाळात कागदाची होडी सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. नाळेपुढे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापुढे, बारीक, घाईघाईच्या सुरकुत्या दिसतील. मांडवीतल्या बार्जपुढे तशा कधी उठतात का?

पाण्यात साबण घालावा म्हटलं, तर पृष्ठताण फार तर निम्म्याच्याही थोडा खाली येतो. हिशेब जुळायला तो ६२५वा हिस्सा उरायला हवा. लांबीतला फरक इथे वर्गाने मोजावा लागतो. असलं द्रव आणायचं कुठून?

अँडरसन मंडळींनी पाण्याखालच्या दृश्यांत हा प्रश्नच टाळला. विशेष दृश्यांची जबाबदारी डेरेक मेडिंग्जकडे होती. पाणबुडी कोरडीच टांगायची, कॅमेरा आणि तिच्यामध्ये काचेची अरुंद टाकी ठेवायची, टाकीत छोटे मासे सोडायचे. मासे खरे, पाणी खरं, पाणबुडीला मात्र ओल नाही. ती समुद्राच्या पृष्ठभागावर आली की मग खरी टाकी लागायची, आणि पोरं हसतात ती नेमकी तिथेच.