फेसेंडेनचा खळगा आणि स्थिरीकरण तळ्याचा जन्म

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातल्या फेसेंडेन या हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावाने 1928 साली गटारे घातली, तेव्हा ते सांडपाणी सोडायला जवळपास नदी नव्हती आणि शुद्धीकरण केंद्र बांधण्याइतका पैसाही नव्हता. म्हणून गावाबाहेरच्या एका नैसर्गिक खळग्यात ते सोडून देण्यात आले. हिमनद्यांनी मागे ठेवलेले असे खळगे त्या माळरानावर जागोजागी आढळतात. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय सुमारे तीस वर्षे टिकली, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने पाहणी केली तेव्हा खळग्यातले पाणी अपेक्षेपेक्षा बरेच स्वच्छ निघाले. सांडपाणी उथळ पाण्यात साठवून ते आपोआप शुद्ध होऊ देणाऱ्या अशा तळ्यालाच स्थिरीकरण तळे म्हणतात.

असा प्रकार पहिल्यांदाच घडत होता असे नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे 1901 मध्येच सांडपाण्यासाठी तळे बांधले गेले होते, तर कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे 1924 साली पाणी गाळण्यासाठी वापरलेला खडीचा थर बुजला आणि त्यावर साचलेल्या उथळ पाण्यात आपोआपच शुद्धीकरण होऊ लागले. बंद पडलेल्या गाळणीतून धडा मिळावा, ही गंमतच म्हणायची. मात्र आरोग्य खात्याची मान्यता घेऊन मुद्दाम आखलेले तळे 1948 साली नॉर्थ डकोटातीलच मॅडॉक या गावी झाले, आणि तिथून ही पद्धत आसपासच्या गावांत झपाट्याने पसरली.

तळ्यात नेमके काय घडते याचा उलगडा पुढच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरोल्ड गोटास यांच्या अभ्यासातून झाला. जिवाणू मैला कुजवतात, त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आणि पोषकद्रव्ये शेवाळ घेते, आणि उन्हात शेवाळाने सोडलेला प्राणवायू पुन्हा जिवाणूंना मिळतो. पाण्याची खोली साधारण एक ते दीड मीटर ठेवण्यामागे हेच गणित आहे. डकोटात हिवाळ्यात तळे गोठले की हा व्यवहार थंडावतो; त्यामुळे तिथे अनेक महिन्यांचे पाणी साठवून ते वसंतात व शरदात सोडावे लागते, आणि बर्फ वितळताना काही दिवस दुर्गंधीही सोसावी लागते.

पुढे याच शेवाळाने अडचण केली. 1972 च्या स्वच्छ जल कायद्यानंतर निचऱ्यातील तरंगत्या घनपदार्थांची सरासरी मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम ठरली. पण तळ्यातून बाहेर पडणारे शेवाळही त्यातच मोजले जाई, आणि उत्तम चालणारे तळे कागदावर नापास होई. अखेर 1977 आणि 1984 मध्ये तळ्यांसाठी हे नियम शिथिल करण्यात आले. माझ्या मते तसे झाले नसते, तर कित्येक लहान गावांवर न परवडणारी यंत्रे येऊन पडली असती.

भारतात या विषयाचा पाठपुरावा प्रामुख्याने नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या नीरीने केला. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मार्गदर्शिका 1970 साली निघाली. अक्षांशानुसार तळ्यावर किती सेंद्रिय भार टाकावा याचे कोष्टक भारतात वापरात आले, त्यात 20 अंश उत्तरेला हेक्टरी रोज 250 किलो बीओडी (मैला कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच सेंद्रिय भाराचे माप) धरला जातो. डकोटात सुरुवातीला हाच आकडा जेमतेम 22 किलो होता, आणि शंभर माणसांमागे एक एकर तळे लागे.