लांबलचक इंग्रजी शब्द आणि अक्षरांची मोजदाद

'फसीशस' म्हणजे थट्टेखोर, नको तिथे विनोद करणारा. 'ॲब्स्टीमियस' म्हणजे खाण्यापिण्यात संयम पाळणारा. अर्थाने या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण स्पेलिंग लिहून पाहिलं की दोन्हींत ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदाच आणि नेमके याच क्रमाने येतात. (देवनागरीत ही गंमत लपते. पुढचे शब्द रोमन लिपीत लिहून बघायला कागद-पेन जवळ असलेलं बरं.) अर्थ बाजूला ठेवून शब्दाकडे नुसता अक्षरांचा पुंजका म्हणून पाहण्याची ही सवय इंग्रजीत हळूहळू रुजली, आणि त्यात शब्दकोशांचा वाटा मोठा आहे.

सोळाव्या शतकात इंग्रज पंडितांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्दांची भरमसाट आयात केली. विरोधक त्यांना 'दौतीतले शब्द' म्हणून हिणवत. पण ते आले आणि टिकलेही. ते समजावून सांगायला रॉबर्ट कॉड्रीने 1604 मध्ये सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा कोश छापला. इंग्रजीचा पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश म्हणून तोच ओळखला जातो. वर्णानुक्रम तेव्हा वाचकांच्या इतका अंगवळणी पडला नव्हता, की शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर सुरुवातीला बघा आणि 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे, हे प्रस्तावनेत सांगावं लागलं.

याच काळात शेक्सपिअरने 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात एका विदूषकी पात्राच्या तोंडी 'ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' हा शब्द घातला. 27 अक्षरं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक व्यंजन, एक स्वर अशी अखंड आलटापालट. अर्थ साधारण 'सन्मानास पात्र असण्याने'. शब्द शेक्सपिअरचा नव्हे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये लांबीचा नमुना म्हणून तो आधीच फिरत होता, इटालियन कवी दान्तेनेही त्याचा उल्लेख केला आहे. नाटकात तो पंडितांची खिल्ली उडवायला येतो. तरीही 1910 मध्ये, शेक्सपिअरची नाटकं त्याच्या काळातल्या फ्रान्सिस बेकन या तत्त्वज्ञाने लिहिली असं मानणाऱ्या एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी त्याच 27 अक्षरांची फिरवाफिरव करून एक लॅटिन वाक्य तयार केलं, 'फ्रान्सिस बेकनची अपत्यं असलेली ही नाटकं जगासाठी जपली आहेत' अशा अर्थाचं, आणि नाटकं बेकनचीच असल्याचा पुरावा म्हणून ते पुढे केलं. जो शब्द बेकनच्या जन्माआधी काही शतकं वापरात होता, त्यात बेकनची सही शोधायची म्हणजे कमालच.

मुद्दाम लांब केलेल्या शब्दांची परंपरा अशी जुनी आहे. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा त्यातला माझा आवडता. शाळकरी मुलांच्या लॅटिन व्याकरणात 'कवडीमोल' या अर्थाचे शब्द एकत्र पाठ करायला असत: फ्लॉकी म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉकी म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे केस. कुणीतरी चौघांची माळ ओवली आणि शेवटी प्रत्यय लावला. अर्थ झाला, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. विल्यम शेनस्टोन या कवीच्या 1741 मधल्या पत्रात तो आढळतो. 29 अक्षरांत 'आय' नऊ वेळा, आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं 'ई' एकदाही नाही.

45 अक्षरांचा 'न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्कॅनो-कोनिओसिस' तर उघड उघड स्पर्धेसाठीच घडवला गेला. 1935 मध्ये न्यूयॉर्कला 'नॅशनल पझलर्स लीग' या अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेची सभा झाली. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो तिथे मांडला. अर्थ, ज्वालामुखीतली सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुप्फुसाचा आजार. डॉक्टर साधं 'सिलिकोसिस' म्हणतात. वर्तमानपत्रात बातमी आली, शब्द मोठ्या कोशांत शिरला, आणि आता सर्वांत लांब शब्द विचारला की लोक तोच सांगतात. मला ही थोडी फसवणूक वाटते. डबे जोडत गेलं की गाडी लांब होणारच.

खरी मजा आहे ती आपापलं काम करणाऱ्या शब्दांत निघालेल्या योगायोगांत. 'अनकॉपीराइटेबल', म्हणजे ज्यावर स्वामित्वहक्क घेता येत नाही असं, हा शब्द 15 अक्षरांचा आहे आणि त्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. 'डर्मेटोग्लिफिक्स'चंही तसंच, तीही 15 अक्षरं, सगळी वेगळी. हॅरल्ड कमिन्स यांनी 1926 मध्ये बोटांच्या आणि तळव्यांच्या कातडीवरच्या रेषांच्या अभ्यासाला हे नाव दिलं. अक्षरं मोजायचं त्यांना काही कारण नव्हतं.

असे योगायोग हाती लागायचे तर शब्द वेगळ्या क्रमाने लावून बघावे लागतात. जॉन वॉकर या आधी नट असलेल्या उच्चारशिक्षकाने 1775 मध्ये शेवटच्या अक्षरावरून लावलेला कोश काढला. कवींना यमकं मिळाली, आणि सारख्या शेपटीचे शब्द एकाखाली एक दिसले. विसाव्या शतकात मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोश-प्रकाशकाच्या कचेरीत तर तीन लाखांहून अधिक कार्डं अशी तयार झाली, की प्रत्येकावर शब्द उलटा टाइप केलेला, आणि सगळी त्या उलट्या क्रमाने लावलेली. 'ऑलॉजी'ने संपणारे सगळे शब्द हवे असतील तर एकच कप्पा ओढायचा.

तोवर 1913 मध्ये आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात पहिलं शब्दकोडं छापलं होतं. अमुक जागी अमुक अक्षर असलेला शब्द शोधणं हा लाखो लोकांचा रोजचा चाळा झाला. 1965 मध्ये दिमित्री बोर्गमन यांनी या छंदावर पुस्तक लिहिलं आणि 1968 पासून 'वर्ड वेज' हे त्याला वाहिलेलं नियतकालिक निघू लागलं. शोध मात्र बराच काळ हातानेच चालायचा.

संगणक आल्यावर प्रश्न बदलला. तीच अक्षरं असलेल्या लांब शब्दांच्या जोड्या काढायच्या तर यादी क्षणात मिळते, पण वर येतात त्या नीरस जोड्या: पित्ताशय आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग जोडण्याच्या शस्त्रक्रियेची 22 अक्षरी दोन नावं, ज्यांत फक्त दोन अवयवांनी जागा बदलल्या आहेत. 2017 मध्ये एका अमेरिकन प्रोग्रॅमरने म्हणून वेगळं माप लावलं. पहिल्या शब्दाचे किमान किती तुकडे केले की दुसरा जुळतो, ते मोजायचं. जितके तुकडे जास्त, तितकी जोडी सरस. पहिली आली 'सिनेमॅटोग्राफर' आणि 'मेगाकायरॉप्टरन' ही जोडी. अक्षरं तीच 15, तुकडे 14. एक म्हणजे छायाचित्रणकार, दुसरा म्हणजे फळं खाणारं मोठं वटवाघूळ. जनुकीय अभ्यासानंतर प्राणिशास्त्रज्ञांनी वटवाघळांची वर्गवारी नव्याने केली, त्यामुळे हा दुसरा शब्द त्यांच्याच वापरातून मागे पडत चालला आहे.