महापालिकांची छते आणि मीटरचा वाद

महापालिकेच्या शाळेवर, रुग्णालयावर किंवा मुख्यालयावर सौर पॅनेल बसले की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. त्या छतापर्यंत यायला इतकी वर्षे का लागली, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

सुरुवात विजेपासून नव्हे, गरम पाण्यापासून झाली. नव्या इमारतींना सौर बंबाची अट आणि मिळकतकरात सवलत, एवढेच तेव्हाचे धोरण होते. पुण्यात सौर, गांडूळखत किंवा पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प असेल तर 5 टक्के आणि एकापेक्षा जास्त असतील तर 10 टक्के सूट मिळत आली आहे. हे सगळे नागरिकांसाठी होते. पालिकेची स्वतःची छते तोवर पाण्याच्या टाक्या आणि मोडक्या बाकांसाठीच राखीव होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

2008 मध्ये केंद्राने ‘सोलर सिटी’ योजना आणली. पाच वर्षांत पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी किमान 10 टक्क्यांनी कमी करायची, असे तिचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रातून नागपूर, ठाणे अशा शहरांची नावे यादीत आली आणि बृहत् आराखडे तयार झाले. आराखड्यांच्या मानाने पॅनेल कमीच बसले. 2010 च्या राष्ट्रीय सौर मिशनचा भर मोकळ्या जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांवर होता. छतांना खरे महत्त्व आले ते 2015 मध्ये. देशाचे सौर उद्दिष्ट 1 लाख मेगावॉट झाले आणि त्यातले 40 हजार छतांच्या वाट्याला आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यात नेट मीटरिंगचे नियम लागू झाले.

पुढचा सगळा गुंता या नेट मीटरिंगचा आहे. शाळेच्या छतावर 100 युनिट तयार झाले आणि शाळेने 60 वापरले, तर उरलेले 40 पुढच्या बिलात युनिटला युनिट वळते होतात. शाळेसाठी ही पद्धत सोन्यासारखी आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन सर्वाधिक असते आणि वर्ग बंद असतात. हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपत असल्याने उन्हाळ्यात साठलेले युनिट पावसाळ्यात कामी येतात. नेट बिलिंगमध्ये तयार झालेली वीज कंपनी ठरलेल्या, बऱ्याच कमी दराने घेते आणि वापरलेल्या विजेचे बिल पूर्ण दराने लावते. पॅनेल तेच, छत तेच, पण गणित पार बदलते.

राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या मसुद्यात नेट मीटरिंगला कात्री लावून नेट बिलिंग पुढे आणण्याचा घाट घातला गेला. हरकतींचा पाऊस पडला आणि डिसेंबरअखेरच्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग वाचले. मात्र छतांवरची एकूण क्षमता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की 10 किलोवॉटवरच्या ग्राहकांना ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, वापरण्याचे शुल्क लावण्याची वाट मोकळी राहिली. वर्षभरात, 31 डिसेंबर 2020 ला, केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांनी नेट मीटरिंग थेट 10 किलोवॉटपर्यंतच आणून ठेवले. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, म्हणजे पालिकेची बहुतेक छते एका फटक्यात बाहेर. जून 2021 मध्ये ही मर्यादा 500 किलोवॉट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तिथवर गेली. मधल्या सहा महिन्यांत कोणता लेखापाल अशा प्रस्तावावर सही करणार होता? वीज कंपनीची बाजूही अगदीच पोकळ नाही. मोठे, पैसे भरणारे ग्राहक निसटले की तारा आणि रोहित्रांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. पण पालिकेची शाळा ही काही त्या अर्थाने बडी असामी नव्हे.

दरम्यान अनुदानाचेही चित्र बदलले. छतांवरच्या सौर योजनेच्या 2019 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्राचे अर्थसाहाय्य घरगुती छतांपुरतेच उरले. पालिकांना स्वतःचे पैसे घालायचे किंवा ‘रेस्को’कडे वळायचे, असे दोनच मार्ग राहिले. रेस्कोमध्ये कंपनी स्वखर्चाने पॅनेल बसवते आणि पालिका सहसा 25 वर्षांच्या करारावर तिच्याकडून स्वस्त वीज घेते. तिजोरीला तोशीस नाही म्हणून हा प्रस्ताव गोड लागतो. पण छत गळू लागले तर वॉटरप्रूफिंगसाठी पॅनेल कोणी उतरवायचे आणि जुनी इमारत पाडायची वेळ आली तर करार कोणी मोडायचा, हे करारात चोख लिहिलेले नसेल तर पुढची भांडणे ठरलेली.

फेब्रुवारी 2024 मध्ये घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्राची सूर्यघर योजना आली आणि तिच्यासोबत सरकारी इमारतींची छतेही भरण्याचे उद्दिष्ट. 2025 मध्ये वीज कंपनीच्या दरप्रस्तावाने वादाला नवे वळण दिले. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या सौर तासांत तयार झालेली वीज त्याच तासांतल्या वापरापोटी वळती करायची, असा त्याचा रोख होता. दिवसा चालणाऱ्या कार्यालयांना याची फारशी झळ नाही. रात्रभर वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृह चालू ठेवणाऱ्या पालिका रुग्णालयांचे मात्र गणित अशाने पुन्हा मांडावे लागते.