एकाच स्पेलिंगमधली पाच बिऱ्हाडे

रसायनशास्त्राच्या पुस्तकात पदार्थाच्या राशीचे एकक, त्वचारोगतज्ज्ञांच्या टिपणात तीळ, प्राणिशास्त्रात जमीन पोखरणारा सस्तन प्राणी, बंदराच्या नकाशावर लाटा अडवणारा धक्का आणि हेरकथांमध्ये शत्रूच्या गोटात रुजलेला माणूस, इतके अर्थ इंग्रजीतील ‘मोल’ या एकाच स्पेलिंगला आहेत. इंग्रजी शब्दकोश मात्र हे सारे अर्थ एका नोंदीखाली देत नाहीत. निरनिराळ्या मुळांपासून आलेले शब्द झिजत झिजत एकाच रूपाला पोहोचले, म्हणून त्यांच्या नोंदीही वेगवेगळ्या असतात.

त्वचेवरचा मोल हा अस्सल जुना इंग्रजी शब्द असून त्याचा मूळ अर्थ डाग किंवा खूण एवढाच होता. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एका जागी दाटल्या की तीळ दिसतो. बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात. परंतु तीळ वाढू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली किंवा रंग बदलला, तर डॉक्टरांना दाखवावा.

प्राणी असलेला मोल हा वेगळा शब्द. या प्राण्याचे जुने इंग्रजी नाव ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती उडवणारा. युरोपातील हिरवळींवर त्याने वर लोटलेल्या मातीचे ढीग पाहिले की हे नाव पटते. अनेकांना तो उंदराच्या जातीचा वाटतो, पण तो कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या गणातला, नाही. महाराष्ट्रात तो आढळत नसला तरी त्याच्याच गणातील चिचुंद्री येथे घरोघरी ठाऊक आहे, आणि तीही उंदीर नव्हे. उत्तर अमेरिकेतील ताऱ्यासारख्या नाकाच्या मोलच्या नाकपुड्यांभोवती २२ मांसल बोटे असतात आणि त्यांवर २५,०००हून अधिक सूक्ष्म स्पर्शेंद्रिये असतात. दृष्टी जवळजवळ निकामी असलेला हा प्राणी या बोटांनी चाचपून भक्ष्य ओळखतो आणि साधारण पाव सेकंदात गिळूनही टाकतो. हेर या अर्थाचा मोल याच प्राण्याच्या बिऱ्हाडातला पोटभाडेकरू आहे, कारण दोघेही नजरेआड राहून आतून पोखरतात.

द्राक्षगर्भाला, म्हणजे गर्भाशयात द्राक्षांच्या घोसासारख्या होणाऱ्या विकृत वाढीला, इंग्रजी वैद्यकात मोल म्हणतात, तो लॅटिन ‘मोला’ म्हणजे जात्याची तळी यावरून आला आहे. दाढेला ‘मोलर’ म्हणतात तेही याच जात्यावरून. मेक्सिकोतील मिरच्यांचा दाट रस्सा इंग्रजीत याच स्पेलिंगने लिहितात, परंतु त्याचा उच्चार ‘मोले’ आणि मूळ नाहुआट्ल भाषेतील ‘मोल्ली’, म्हणजे रस्सा किंवा चटणी. ग्वाकामोलेच्या शेपटीत तोच शब्द आहे.

उरलेले दोन अर्थ, समुद्रातील धक्का आणि रसायनातील एकक, वरवर पाहता एकमेकांपासून सर्वांत दूरचे वाटतात. खरे सख्खे तेच आहेत. लॅटिनमध्ये ‘मोलेस’ म्हणजे अवजड राशी, प्रचंड बांधकाम. त्यावरून दगडी धक्क्याला मोल म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, फ्रान्समधील डंकर्क बंदरातून सुटका झालेल्या सुमारे ३,३८,००० सैनिकांपैकी दोन लाखांच्या आसपास सैनिक किनाऱ्यावरून नव्हे, तर अशाच एका मोलवरून जहाजांत चढले, आणि तो धक्का जहाजे लावण्यासाठी बांधलेलाही नव्हता. इटलीतील तुरिन शहराची ओळख ठरलेली १६७ मीटर उंचीची ‘मोले आंतोनेल्लियाना’ ही इमारत याच शब्दाचे नाव मिरवते.

या ‘मोलेस’चे लघुत्वदर्शक रूप करून सतराव्या शतकात ‘मोलेक्यूल’ हा शब्द घडवला गेला: इवलीशी राशी, म्हणजे रेणू. त्याच तुरिनच्या आमेदेओ आवोगाद्रो यांनी १८११ साली असे मांडले की तापमान आणि दाब समान असताना सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जर्मनीत विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी ‘मोल’ हे एकक रूढ केले, आणि येथे इतिहासाने मोठी गंमत केली आहे. ओस्टवाल्ड यांचा अणूंच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी मोल ही मोजदाद नव्हती, वजन होते: पाण्याचा रेणुभार १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. पोह्याच्या चमच्याने चार चमच्यांपेक्षाही कमी भरणाऱ्या या पाण्यात नेमके किती रेणू आहेत, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण होता. त्यांचे मत बदलायला सुमारे १९०९ साल उजाडले. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अविरत थरथर मोजून फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेरँ यांनी रेणूंचे अस्तित्व जवळपास निर्विवाद केले होते. एका मोलमधील रेणूंच्या संख्येला आवोगाद्रोंचे नाव देण्याची सूचनाही पेरँ यांचीच.

१९७१ साली मोल आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीतील सातवे मूलभूत एकक झाला, तेव्हाही त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर, म्हणजे शेवटी वजनावरच टेकलेली होती. २० मे २०१९ पासून तो टेकू काढून घेतला गेला. आता एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात इतके कण, मग ते पाण्याचे रेणू असोत वा सोन्याचे अणू. ओस्टवाल्ड यांचे ग्रॅम व्याख्येत उरलेले नाहीत.