घराशेजारी विटांचं गॅरेज-वर्कशॉप बांधायचंय? परवानगीचं आधी बघा

हाताशी पैसे मोजके असले की माणूस आधी विटांचा भाव विचारतो. माझं म्हणणं, आधी प्लॉटचा मोजणी नकाशा काढा. स्वस्तात बांधायला घेतलेलं गॅरेज महाग पडतं ते बहुतेक वेळा कागदांपायी. भिंत सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत शिरते, नोटीस येते आणि आपणच बांधलेलं पाडायची मजुरीही आपल्याच खिशातून जाते.

‘वर पत्राच टाकणार आहे, त्याला कुठली आलीय परवानगी?’ असं हमखास म्हटलं जातं. पण बांधकाम नियमावलीच्या भाषेत कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्याची उभारलेली रचना म्हणजे इमारतच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ मध्ये विनापरवाना बांधकामाला दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे, आणि कलम ५३ खाली ते काढून टाकायची नोटीस येऊ शकते.

अर्ज कुठे करायचा हे जागेवर ठरतं. शहरात महानगरपालिका किंवा नगरपरिषद. गावठाणाच्या आत ग्रामपंचायत, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार. गावठाणाबाहेरच्या जमिनीचा विषय मात्र ग्रामपंचायतीच्या हातात नसतो, तिथे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून जावं लागतं. सरपंचांनी तोंडी ‘बांधा हो’ म्हटलं म्हणून तिथे पाया खणू नका. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे.

अर्ज जमिनीच्या मालकानं करायचा, किंवा त्यानं कुलमुखत्यारपत्र दिलेल्या माणसानं. सातबाऱ्यावर भावंडांची नावं असतील तर सगळ्यांची लेखी संमती लागते, आणि प्रकरण सर्वांत जास्त इथेच अडतं. शहरातल्या बहिणीची सही राहिली म्हणून महिनोन्‌महिने फाइल पडून राहते. भाडेकरूला स्वतःच्या नावावर अर्ज करता येत नाही. सोसायटीत फ्लॅट असेल तर खालची मोकळी जागा तुमच्या एकट्याची नाही, तेव्हा तो विचार सोडलेला बरा. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे शासनाच्या अटींवर दिलेली असेल तर आधी तहसील कार्यालयात जाऊन तिच्या अटी वाचून या.

आता कागद. मालकीसाठी ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, एकट्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही. पुष्कळ जण तेवढाच घेऊन जातात आणि परत येतात. भूमी अभिलेख खात्याची मोजणी झालेली असेल तर तिची ‘क’ प्रत जोडा. प्लॉट मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) असेल तर त्या रेखांकनाची प्रत, घर आधीच बांधलेलं असेल तर त्याचा मंजूर नकाशा, मालमत्ता कर भरल्याची पावती, आणि आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यानं सही केलेला नवा नकाशा. स्थळदर्शक नकाशा सहसा १:५०० आणि बांधकामाचा १:१०० या प्रमाणात असतो.

नकाशाच्या पैशात मात्र काटकसर करू नका. जुन्या घरानं किती चटईक्षेत्र (प्लॉटवर बांधता येणारं एकूण क्षेत्रफळ) वापरलंय, शिल्लक किती, बाजूला आणि मागे किती अंतर सोडायचं, हे सगळं तिथेच ठरतं. रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार बदलला की हे आकडे बदलतात, त्यामुळे शेजाऱ्याचं गॅरेज बघून माप धरू नये. जाता जाता एक सांगतो: नकाशा काढण्याआधी भट्टीवर जाऊन विटेचं माप घ्या. मॉड्युलर, म्हणजे प्रमाणित मापाची वीट १९० मिलिमीटर लांब असते, सांध्यासह २००. भिंतीची लांबी त्या पटीत बसवली तर तुकडे कमी पडतात. मंजुरीनंतर हे सुचून उपयोग नाही, बाहेरचं माप बदललं की सुधारित नकाशा करावा लागतो.

नकाशावर वापर खरा लिहा. ‘वाहनतळ’ दाखवून आत लेथ बसवणं हा वापरातला बदल झाला आणि कायद्यात तोही विकासच धरला जातो, म्हणजे त्यालाही परवानगी लागते. स्वतःच्या हौसेची सुतारकामाची खोली असेल तर फार अडचण येत नाही. गिऱ्हाईक येणार असेल तर निवासी विभागात कोणते सेवा उद्योग चालतात, किती अश्वशक्तीची मोटर आणि किती कामगार चालतात, हे अभियंत्याकडून आधी तपासून घ्या.

निवासी प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर काम सोपं आहे. तांत्रिक व्यक्तीच्या सहीचा नकाशा आणि कागद दाखल करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरतात. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची सोय आहे. त्याहून मोठ्या प्लॉटला नेहमीची छाननी. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. म्हणून एकसष्टाव्या दिवशी लगेच कुदळ मारू नका, आधी लेखी कळवून पोच घ्या. अर्ज नाकारला तर ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

परवानगीबरोबर मिळणारं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, मुदत वर्षावर्षानं वाढवून घेता येते. पैसे जमतील तसं बांधणाऱ्यानं ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. काम जोत्यापर्यंत आलं की कळवून तपासणी करून घ्या, तोवर वर वीट चढवू नका. शेवटी पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम वापरायची मंजुरी मागायची.

विजेच्या मीटरचंही तेवढंच लक्षात ठेवा. घरगुती जोडणीवर धंद्याची यंत्रं चालवली तर वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. त्यामुळे धंदा करणार असाल तर वेगळ्या जोडणीचा अर्ज भोगवटा प्रमाणपत्र हातात पडताच द्या.