आलापातला खटका आणि लहान कॅमेरा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात आलाप सुरू होता. तबला अजून लागायचा होता, दोन तानपुऱ्यांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. गायकांनी षड्ज लावून डोळे मिटले, मी बटण दाबलं आणि डीएसएलआरचा, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत आणणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याचा, आरसा खट्कन वाजला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी वळून पाहिलं. बोलले काहीच नाहीत. तबला सुरू होईपर्यंत मी पुन्हा कॅमेरा उचलला नाही.

मैफिलीचे फोटो काढणारे लहान सिस्टीमकडे, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेरा-लेन्सकडे, वळतात तेव्हा पाठदुखीचं कारण सांगतात. ते खरंच आहे. पण शास्त्रीय संगीताच्या बैठकीत वजनाच्या आधी आवाज येतो, आणि हा आवाज कॅमेऱ्यात आला कुठून, ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

१९२५ साली बाजारात आलेला लायका त्या काळी लहानच होता. ऑस्कर बर्नाकने सिनेमाची फिल्म आडवी वापरून २४ × ३६ मिलिमीटरची चौकट घेतली. आरसा नाही, शटरचा पडदा कापडी, त्यामुळे आवाज अगदी कमी. पण लांबच्या लेन्समधून नेमकं काय दिसतंय ते पाहायचं तर आरसा हवा. १९५९ च्या निकॉन एफपासून असा आरशाचा कॅमेरा, एसएलआर, व्यावसायिकांच्या हाती स्थिरावला आणि प्रत्येक फोटोबरोबर आरशाचा खटका आला. पुढे डिजिटल आलं तरी खटका राहिलाच.

आरसा काढायचं मोठं पाऊल पडलं ऑगस्ट २००८ मध्ये. ऑलिम्पस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स ही लहान सेन्सरची, बिनआरशाची सिस्टीम जाहीर केली. आधीच्या, आरसा असलेल्या फोर थर्ड्समध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत सुमारे ३९ मिलिमीटर अंतर होतं, ते जवळपास निम्मं झालं. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी-१ आला. मैफिलीवाल्यांनी मात्र तेव्हा तिकडे फारसं पाहिलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. निकॉन डी-३ (२००७) आणि कॅननचा ५डी मार्क टू (२००८) अंधारात जे देत होते, त्याच्या जवळपासही हे लहान कॅमेरे नव्हते.

कारण सरळ आहे. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या (लायकाच्या २४ × ३६ चौकटीएवढ्या सेन्सरच्या) साधारण चौथाई. उजेडाच्या हिशेबात दोन स्टॉपचं नुकसान (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ते बऱ्याच अंशी भरून काढायला एफ १.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स लागते. ऑलिम्पसची ७५ एमएम एफ १.८ (२०१२) त्यासाठीच मला प्रिय आहे: फुल फ्रेमवरच्या १५० एमएमइतकी चौकट, वजन जेमतेम ३०५ ग्रॅम. कॅननची डीएसएलआरसाठीची ७०-२०० एफ २.८ दीड किलोच्या घरात जाते. ऑलिम्पसच्या त्याच वर्षीच्या ई-एम५ कॅमेऱ्यात पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन आलं, पण ते माझा हात सावरतं, गायकाचा नाही. तान घेताना उठलेला हात १/३० सेकंदाला पुसटच येतो.

मग आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर आलं. मला वाटलं, प्रश्न मिटला. पण तोवर रंगमंचावरचे हॅलोजन जाऊन एलईडी आले होते. हे दिवे बरेचदा भराभर लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. सेन्सर मात्र ओळीमागून ओळ वाचतो, म्हणून पांढऱ्या कुर्त्यावर आडवे काळे पट्टे उमटतात. झटपट वाचणारे स्टॅक्ड सेन्सर आल्यावर हा त्रास कमी झाला. सोनीने फुल फ्रेमच्या ए९ मध्ये ते २०१७ ला आणलं, मायक्रो फोर थर्ड्सला २०२२ च्या ओएम-१ पर्यंत थांबावं लागलं.

ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव असला की यातलं काही आड येत नाही. स्पीकरांपुढे शटर कोण ऐकणार? तिथे ४०-१५० सारखी झूम खांद्यावर असली की तीन तास उभं राहता येतं.

सभागृहात मी आता अर्धा तास आधी पोचतो. दिव्यांची तपासणी चालू असते तेव्हा तानपुऱ्यांखालच्या पांढऱ्या चादरीवर १/१०० सेकंदाला सायलेंटमध्ये (इलेक्ट्रॉनिक शटरवर) चार फोटो काढतो आणि स्क्रीनवर मोठे करून पाहतो. पट्टे नसतील तर आलापातही बटण दाबतो. असतील तर मेकॅनिकल शटर लावतो आणि तबला लागायची वाट पाहतो.